उर्फ बहादूर

नारळाचं तबक माझ्या बापाच्या हातात होतं.

सव्वीस जानेवारीची सकाळ. धायरीतली आमची सोसायटी. आमची म्हणजे, बाबा तिथं वॉचमन आणि पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मोटरशेजारी आमची एक खोली. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, मग माझा सत्कार. मी महाराष्ट्राच्या मुलींच्या फुटबॉल संघातून खेळून आले होते. शेवटच्या सामन्यात दोन गोल मारले होते. पेपरात चार ओळी आल्या, त्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरल्या, आणि मग सगळ्यांना अचानक आठवलं की ही पोरगी आपल्या पार्किंगमध्ये राहते.

सेक्रेटरी काकांनी माईक घेतला. बँकेतून रिटायर झालेला माणूस, इस्त्रीचा झब्बा, बोलणं मोजूनमापून. "आपल्या सोसायटीची मुलगी," ते म्हणाले, "आपल्या बहादूरची कन्या." टाळ्या. मग मान वळवली, माईक तोंडासमोर तसाच. "ए बहादूर, नारळ आण रे इकडं."

बाबा तबक घेऊन आले. निळा युनिफॉर्म, छातीवर शिट्टी. काकांनी तबकातली शाल उचलून माझ्या खांद्यावर टाकली. नारळ हातात दिला. फोटो काढणारा म्हणाला, "वॉचमन, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

बाबा बाजूला झाले.

लेकीच्या सत्काराच्या फोटोतून बापाला बाजूला काढलं. आणि मी? मी हसत उभी होते. दात काढून. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यातलं माझं तोंड मला आजही बघवत नाही.

मी दोन वाक्यं बोलले, आभार मानले, खाली आले. एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "मराठी किती शुद्ध बोलते नै ही! अगदी आपल्यातलीच वाटते." वाटते. आहे नाही, वाटते. अहो, मी जन्मले पुण्यात, शिकले मराठी शाळेत, शिव्या देते त्याही मराठीत. अजून किती वाटायचं राहिलंय?

माझ्या बापाचं नाव बहादूर नाही. हर्कमान आहे. दार्जिलिंगकडच्या चहाच्या मळ्यातला माणूस. घरी आम्ही नेपाळी बोलतो, पण नेपाळ देश बाबांनी बघितलेला नाही. आणि तिथलेच असते तरी काय? तिथल्या आया पोरांना नाव देत नाहीत का?

बाबांच्या आधी सोसायटीत एक वॉचमन होता. त्याला बहादूर म्हणायचे. तो गेला, बाबा आले. खुर्ची तीच, काठी तीच, शिट्टी तीच, नावही तेच. कुणी विचारलं नाही. पुण्यात नावं ठेवायला सगळ्यांना येतं, नाव विचारायचं मात्र जिवावर येतं.

आता तुम्ही म्हणाल, हाक मारण्यापुरतं आहे, सोडून दे. हाकेपुरतं राहिलं असतं तर एक वेळ सोडलंही असतं. पण महाराष्ट्रात पोरीचं नाव एकटं चालत नाही. मध्ये बापाचं नाव लागतं. मला पहिलीत घालायला बाबा शाळेत गेले तेव्हा हातात सेक्रेटरी काकांची चिठ्ठी होती. 'आमच्या सोसायटीचे वॉचमन बहादूर यांची मुलगी आहे, प्रवेश द्यावा.' चांगल्या मनानं दिली होती, नाही म्हणत नाही. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी बघून रजिस्टर भरलं. माझं नाव, मध्ये बहादूर, मग आडनाव. बाबांना वाचता येतं, आमचीही लिपी हीच. त्यांनी वाचलं. आणि गप्प बसले.

झालं. दहा वर्षं रोज हजेरीला माझ्या नावात बहादूर. पोरांना काय, आयतं सापडलं. मधल्या सुट्टीत मला फाटकाशी उभी करायचे. "ए बहादूर, गेट उघड!" "ए बहादूर, शिट्टी मार!" मी उघडायचे. तोंडानं शिट्टीही मारायचे. रडले तर जास्त हसायचे, म्हणून मीही हसायचे. ते दात काढून हसणं मी तिथंच शिकले.

पाचवीत एकदा डोकं फिरलं. एका पोराला लाथ घालायला धावले. तो चटकन बाजूला झाला आणि लाथ त्याच्या मागं पडलेल्या बॉलला बसली. बॉल कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडं. पीटीचे सर बघत होते. मला वाटलं, आता कान धरणार. ते म्हणाले, "परत मार बघू." असा सुरू झाला माझा फुटबॉल. कुणी प्रेमानं शिकवला नाही, रागानं आला.

पुढं हडपसरला एका सरांकडं जायला लागले. आयुष्यभर कारखान्यात शिफ्ट केली, उरलेल्या वेळात मुलींना खेळवलं, असे सर. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटला बस बदलून हडपसर. बॅगेत बूट, डब्यात आईनं दिलेली चपाती-भाजी. सर फार बोलायचे नाहीत. चुकलं की एकच शब्द, "शहाणे!" तो ऐकला की परत तीच किक पंचवीस वेळा.

सरांकडंच मी घडले. जिल्हा खेळले, राज्य खेळले. गोल बसला की बाहेर उभी असलेली माणसं ओरडायची, "आपली वाघीण!" चुकला की तीच माणसं, तोच आवाज, "ए चिंकी, जा परत!" परत कुठं जाऊ? धायरीला? स्वारगेटला बस बदलून?

मागच्या वर्षी पत्र आलं. भारताच्या संघाच्या शिबिराचं. आईनं ते देवापुढं ठेवलं. बाबांनी ते दिवसातून तीनदा वाचलं, युनिफॉर्मच्या खिशात घालून गेटवर नेलं, घाम लागून घडी फाटायला आली तेव्हा मी काढून घेतलं. शिबिराला जाताना पासपोर्ट बरोबर पाहिजे, पुढं बाहेरच्या देशात सामने आहेत, असं पत्रात होतं. हातात दीड महिना होता.

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं कागद पसरले. जन्माच्या दाखल्यावर आणि आधारवर वडील हर्कमान. दहावीच्या मार्कलिस्टवर मध्ये बहादूर. त्यानं दोन्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दुकानात चार माणसं उभी असताना मोठ्यानं विचारलं, "मॅडम, वडील दोन आहेत का?"

चौघं हसली. मी हसले नाही. पहिल्यांदाच.

रस्ते दोन होते. एक, शाळेच्या रजिस्टरपासून सगळं दुरुस्त करायचं. त्याला महिनोन्‌महिने. दुसरा, एका दिवसाचा. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं की हर्कमान उर्फ बहादूर, दोन्ही एकच इसम. सही केली की मोकळं.

सेक्रेटरी काका मदतीला धावले. खरंच धावले. मसुदा त्यांनी स्वतः लिहिला, ओळखीचा नोटरी गाठला. मी म्हटलं, "काका, पण ते नाव चुकीचं आहे. त्यांचं नाहीये ते." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अगं, बहादूर म्हणजे शूर. लोक पदव्या मिळवायला धडपडतात, तुझ्या बापाला फुकटात मिळालीय." आणि हसले. मी म्हटलं, "हो काका." काका म्हणायची सवय. लहानपणापासून सोसायटीतला प्रत्येक पुरुष माझा काका. एकानंही आपल्या या भावाचं, माझ्या बापाचं, नाव कधी घेतलं नाही.

नोटरीकडं जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सराव संपल्यावर सरांनी मोबाईलवर एक सामना दाखवला. स्वीडनच्या मुलींचा. कॉर्नरच्या वेळी कुठं उभं राहायचं, ते दाखवत होते. त्यांच्यात एक होती, काळेभोर दाट केस, बाकीच्यांपेक्षा वेगळी उठून दिसणारी. पाठीवर भलंमोठं आडनाव. मला तर वाचताच येईना. मी विचारलं, "सर, ही मूळची कुठली?"

"स्वीडनची."

"तसं नाही. मूळची?"

"शहाणे, सांगितलं ना? स्वीडनची. आईबाप बाहेरून आलेले."

मूळची कुठली. हा प्रश्न मला रिक्षावाल्यानं, शिक्षकांनी, डॉक्टरनं, प्रत्येकानं विचारलाय. दर वेळी आतून जळलेय मी. आणि आज माझ्याच तोंडातून तो निघाला. एवढा मुरलाय आपल्यात हा रोग. मलाच माझी लाज वाटली.

मग तिनं गोल मारला. सामना सांगणाऱ्यानं तिचं ते आडनाव सबंध म्हटलं, एक अक्षर न गाळता. अख्खं मैदान तेच आडनाव ओरडत होतं. तसलं नाव त्यांच्या भाषेत कुठं सापडतही नसेल. पण शिकले होते. सर म्हणाले, तिथंही हरल्यावर अशांना शिव्या पडतात, फार हुरळू नकोस. पडत असतील. पण शिव्या तरी तिच्या बापाच्या नावानं पडतात ना! माझ्या बापाला तर शिवी द्यायलाही त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

तरी सोमवारी मी गेलेच. खोटं कशाला सांगू? मला शिबिराला जायचं होतं. जीव टाकून जायचं होतं. ठरवलं होतं, एक सही, बाबांची एक सही, आणि संपला विषय. भारतासाठी खेळले की मग बघू नावाबिवाचं.

शिवाजीनगरला कोर्टाबाहेर झाडाखाली नोटरीचं टेबल. काका त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. बाबांनी सुट्टी घेऊन लग्नातला शर्ट घातला होता. नोटरीनं कागद पुढं केला, पेन दिलं. "इथं सही करा. तुमचं जे नाव आहे ते."

बाबांनी वाकून, सावकाश, छान वळणदार अक्षरात लिहिलं. बहादूर.

नोटरी म्हणाला, "अहो, हे नव्हे. खरं नाव लिहा आधी."

बाबांनी कागदाकडं बघितलं. "चुकलं साहेब," म्हणाले. पेन परत टेकवलं. 'ह' काढला. आणि थांबले. हात तसाच. वीस वर्षं ड्युटीच्या वहीत रोज दोनदा बहादूर लिहिणारा हात. त्याला पुढचं अक्षर सापडेना.

काका हसले. "बघा! त्याचं त्यालाच आठवत नाही. आणि ही बसलीय नावासाठी भांडत."

आईशप्पथ सांगते, त्या क्षणी मला शिबिर दिसलं नाही, निळी जर्सी दिसली नाही. तो एकटा 'ह' दिसत होता. माझ्या बापाचं उरलेलं सगळं नाव कुणी खाल्लं? आपण सगळ्यांनी मिळून खाल्लं. मीसुद्धा. शाळेच्या फाटकाशी हसून.

मी कागद ओढला आणि फाडला. दोन तुकडे, चार तुकडे.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का?" काका ओरडले. "शिबिर जाईल हातातलं!"

"जाऊ दे."

"एवढ्याशा 'उर्फ'साठी?"

मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या नावापुढं काय उर्फ लिहू, सांगा. तेही लिहिते."

नोटरीनं मान खाली घातली. काकांचा चेहरा लाल. "फार शेफारलीस," एवढंच म्हणाले आणि गाडीकडं निघून गेले. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तरी मी बसले नसते.

बाबा आणि मी बसनं परत निघालो. स्वारगेटजवळ ते खिडकीकडं बघत म्हणाले, "तू खेळायला पाहिजे होतंस." मी विचारलं, "शाळेत बाई चुकीचं लिहीत होत्या तेव्हा बोलला का नाहीत?" "काम नवं होतं," ते म्हणाले. "खोली नवी होती."

सरांना कळलं तेव्हा सर भडकले. "सही करून मोकळी झाली असतीस! नंतर भांडायला आयुष्य पडलं होतं." माझ्यासाठी ज्यांनी रक्त आटवलं तेही हेच म्हणाले. आईही हेच म्हणाली. आमच्या बाजूचं कुणीच नव्हतं. आमच्या म्हणजे माझ्या आणि त्या 'ह'च्या.

शिबिर गेलं. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, चांगली खेळते. तिचा निळ्या जर्सीतला फोटो मोबाईलवर आला त्या दुपारी मी खोलीचं दार लावलं, पाण्याची मोटर चालू होती, तिच्या आवाजात भोकाड पसरून रडले. मला वाईट वाटलं नाही वगैरे मोठ्या गप्पा मी मारणार नाही. काळीज फाटलं माझं.

मग डोळे पुसले आणि शाळेत गेले. शाळेतून अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावरून दुसरं ऑफिस. "बाई, एवढं काय अडलंय?" प्रत्येक टेबलावर हेच. प्रत्येक टेबलावर मी बापाचं नाव सांगितलं. हर्कमान. ह, अर्धा र डोक्यावर घेतलेला क, मा, न. सहा-सात महिने लागले. पण शेवटी नवी मार्कलिस्ट हातात आली. मध्ये बरोबर नाव. तिची झेरॉक्स काढून मी गेटवरच्या केबिनच्या काचेला आतून, बाहेरून वाचता येईल अशी चिकटवली. बाबा 'नको, नको' म्हणत राहिले, पण काढली नाही त्यांनी.

पुढच्याच आठवड्यात बाबांना ताप भरला. एक दिवस मी गेटवर बसले. सकाळी दहाच्या सुमाराला सेक्रेटरींची गाडी आतून आली. काका म्हणायचं मी सोडलं होतं. हॉर्न. मी उठले नाही. परत हॉर्न. काच खाली झाली. "बहादूर! गेट!"

मी खिडकीतून तोंड काढलं. "इथं बहादूर नावाचं कोणी नाही."

"तुझ्या बापाला बोलव."

"कुणाला? नाव सांगा, बोलवते."

त्यांना नाव माहीत होतं. मसुदा त्यांच्याच हातचा होता. पहिला शब्दच हर्कमान होता त्यातला. केबिनच्या काचेवर समोर चिकटवलेलं होतं. चार अक्षरं. त्यांनी काचेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गाडीतून उतरले आणि गुडघे दुखत असताना स्वतःच्या हातानं गेट ढकललं. लोखंडी गेट, जड. तेवढं जड गेट ढकलायला तयार झाले, पण नाव काही घेतलं नाही.

महिन्याच्या आत सोसायटीचं पत्र आलं. वॉचमन बदलायचा आहे, खोली रिकामी करावी. पत्रावर बाबांचं नाव होतं. 'श्री. बहादूर यांस.'

आता आम्ही धायरी गावात भाड्यानं राहतो. मालक शेतकरी घरातले, जमीन गेली, चाळ बांधली. पहिल्या दिवशी त्यांनी ओट्यावरून विचारलं, "नाव काय म्हनायचं तुमचं?" बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी बॅगा उचलत राहिले, मुद्दाम. मग ते हळूच म्हणाले, "हर्कमान."

"काय? हरकाम्या?"

"नाही," बाबा म्हणाले. मोठ्यानं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाला 'नाही' म्हणताना ऐकलं. "हर्कमान."

मालकांनी दोनदा जिभेवर घोळवून बघितलं आणि म्हणाले, "आस्सं हाय व्हय." एवढंच लागतं. मिनिटभराचं काम होतं. वीस वर्षं सुशिक्षितांच्या सोसायटीत ते झालं नाही.

बाबा आता नऱ्ह्याला एका गोदामावर जातात. पहिल्या दिवशी तिथल्या वहीत सही केली, तिचा मोबाईलवर फोटो काढून आणून मला दाखवला. 'ह'नंतर पेन जरा थांबलेलं दिसतं, शाईचा ठिपका पडलाय. पण पुढं पूर्ण लिहिलंय.

पुढच्या आठवड्यात परत निवड चाचणी आहे. वय सरत चाललंय, सर म्हणतात, ही शेवटची संधी. असेल. तिथं यादी वाचतात तेव्हा पूर्ण नाव पुकारतात, आणि पुकारलं की मुलगी रांगेतून एक पाऊल पुढं येते. वाचणाऱ्याच्या हातात जुनी यादीही असू शकते. जुन्या यादीत जुनं नाव. सरांनी परवाच विचारलं, "तसं झालं तर काय करशील?"

मी रांगेत उभी राहीन. पाऊल उचलणार नाही. दुसऱ्यांदा पुकारतील, तरी नाही. सगळं मैदान माझ्याकडं वळून बघेल, सर कपाळाला हात लावतील, संघ निघून जाईल, तरी नाही. भारताला माझे गोल हवे असतील तर माझा बाप त्याच्या नावानिशी घ्यावा लागेल.

माझं नाव मी इथं सांगितलेलं नाही. माझं नाव घ्यायला सगळे तयार असतात, विशेषतः गोल मारल्यावर. आधी त्यांचं घ्या. हर्कमान. चार अक्षरं आहेत, म्हणून बघा. जीभ झिजत नाही.